पाळण्याखालचा पंप

मे महिन्यात शिरपूर-चोपड्याकडच्या एखाद्या धाब्याच्या घरात भर दुपारी शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला, आत अंधार आणि मातीचा गारवा. मग एकेक वस्तू उमगत जाते. कोनाड्यात कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, भिंतीला लागून खताच्या गोण्या, वरच्या कडीला बांधलेला पाळणा आणि पाळण्याखाली, भिंतीच्या अंगाला, फवारणीचा पंप. ओट्यावर ठेवला तर कुणी उचलून नेतं, खळ्यात उघड्यावर ठेवला तर उन्हानं टाकी तडकते. घरातला सगळ्यात गार कोपरा बाळाचा, तोच पंपाचा. माझ्या मामांकडे तर त्या पंपावर पाय देऊन पाळण्यात चढायची मामेभावाची रोजची खटपट असे.

पंपात जे भरतात त्याला आपल्याकडे औषध म्हणतात. औषध आणलं, औषध कालवलं, औषध मारलं. कुणी तेच पोटात घेतलं तरी शब्द बदलत नाही: ‘त्यानं औषध घेतलं.’ पाळण्यातल्या बाळाला तापावर देतात तेही औषध आणि पाळण्याखाली असतं तेही औषधच.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६३ लाख माणसं राहतात. कापूस, केळी, डाळी, तेलघाणे, सराफ बाजार आणि महामार्गांचा हा खान्देशी मुलूख. हवा, अन्न, माती आणि घरातली धूळ यांतून जी रसायनं इथल्या मुलांच्या अंगात जातात, ती मेंदूच्या वाढीचं काय करतात, हा या लेखाचा विषय. जगात यावर गेली पन्नास वर्षं काम चाललं आहे आणि त्यातलं पुष्कळसं खान्देशाच्या अंगणाला थेट लागू पडतं. कापूसपट्ट्यातलं मूल, केळीच्या बागेशेजारचं मूल, कोळशाच्या वीज केंद्राशेजारचं मूल, हमरस्त्यावरच्या शाळेतलं मूल, असे चारही अभ्यास झालेले आहेत, फक्त त्यातली बहुतेक गावं वेगळ्या देशांतली आहेत.

विषबाधा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोंडाला फेस आलेला माणूस येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा महाराष्ट्राला हा विषय कळला तो असा. त्याआधी २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या पोषण आहारात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं मेली. या घटना मोजता येतात, कारण त्यांना प्रेतं असतात. मेंदूच्या वाढीचा प्रश्न याच रसायनांचा, पण फार लहान मात्रेचा. त्यात उलटी नाही, चक्कर नाही, दवाखाना नाही. मूल वेळेवर चालतं, बोलतं, शाळेत जातं. फक्त ते जिथवर पोचलं असतं त्याच्या थोडं अलीकडे थांबतं, आणि ते कुठवर पोचलं असतं हे आईबापांना कळायला मार्ग नसतो.

मेंदू घडायला लागतो तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी गर्भाची मज्जानलिका मिटलेली असते. मग पेशी जन्मतात, ठरलेल्या जागी सरकतात, एकमेकींशी जोडल्या जातात, आणि जन्मानंतर नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात. दोन वर्षांचं होईपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या ऐंशी टक्क्यांच्या घरात गेलेला असतो. प्रत्येक कामाची घटका ठरलेली. कपाशीला पाती लागायच्या दिवसांत पाण्याचा ताण बसला तर पुढं विहीर उपसून दिली तरी गळालेली पाती झाडावर परत चढत नाहीत. हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. वारेबद्दल आपली समजूत अशी असते की ती आईच्या रक्तातलं वाईट अडवते आणि चांगलं तेवढं बाळाकडे सोडते. शिसं, पारा आणि बरीचशी कीटकनाशकं तिच्यातून आरपार जातात. जन्मानंतर मूल रांगतं, हात तोंडात घालतं आणि वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतं, जास्त पाणी पितं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे पोटात गेलेल्या शिशातला जो वाटा मोठ्यांच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या रक्तात उतरू शकतो.

फिलिप ग्रँजाँ आणि फिलिप लँडरिगन या दोन डॉक्टरांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक यादी छापली: माणसाच्या वाढत्या मेंदूला इजा करतात याबद्दल शंका उरलेली नाही अशी पाच औद्योगिक रसायनं. शिसं, मिथाइल पारा, आर्सेनिक, पीसीबी आणि टोल्युइन. २०१४ मध्ये त्यांनी तीत आणखी सहांची भर घातली, त्यांत मँगनीज, फ्लोराइड, क्लोरपायरिफॉस आणि डीडीटी होती. फ्लोराइडवरून पुढं बराच वाद झाला, तो इथं बाजूला ठेवतो. पाऱ्याचीही चिंता आपण थोडी कमी करावी असं मला वाटतं. मिथाइल पारा मुख्यतः मोठ्या माशांतून पोटात जातो आणि खान्देशाचं ताट भाकरी, डाळ, ठेचा आणि भरताचं आहे. उरतात शिसं आणि शेतातली औषधं. हवा या यादीत नव्हती, पण तिचा पुरावा मागाहून जमला आहे.

शिशापासून सुरुवात करू, कारण त्याचा पुरावा सगळ्यात पक्का आहे. आपल्याकडे मुलाचा पडलेला दुधाचा दात धाब्यावर फेकतात. अमेरिकेतल्या हर्बर्ट नीडलमन या बालमनोविकारतज्ज्ञानं बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल या गावांतल्या शाळांतून ते दात गोळा केले. दातात साठलेलं शिसं म्हणजे मुलाच्या पहिल्या वर्षांची वहीच. १९७९ मध्ये त्यानं छापलं ते असं: ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्या मुलांचा बुद्ध्यांक कमी, आणि वर्गात लक्ष न लागण्याच्या शिक्षकांच्या तक्रारी जास्त. यातल्या एकाही मुलाला कुणी शिशाचा रोगी म्हटलं नव्हतं. शिशाच्या धंद्याच्या बाजूनं साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांनी नीडलमनवर लबाडीचा आरोप केला, चौकशा झाल्या, तो निर्दोष सुटला. २००५ मध्ये ब्रूस लॅनफियर यांनी वेगवेगळ्या देशांतल्या सात अभ्यासांमधली १,३३३ मुलं एकत्र मांडली. रक्तातलं शिसं दर डेसिलिटरला २.४ मायक्रोग्रॅमवरून १० वर गेलं की बुद्ध्यांक सुमारे ३.९ गुणांनी उतरतो, आणि त्यातही पहिल्या काही मायक्रोग्रॅमचा फटका सगळ्यात मोठा. म्हणजे ‘इतकं चालतं’ म्हणावं अशी खालची पायरी सापडतच नाही. सोन्यात गुंजेचा हिशेब सांभाळणाऱ्या जळगावच्या सराफाला या मोजमापाची कल्पना सहज यावी. एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. तिच्या हजारो मुलांमध्ये वाटण्या केल्या तरी प्रत्येकाच्या रक्तात दखल घ्यावी इतकं शिसं उतरेल.

भारतात पेट्रोलमधून शिसं काढायला १९९५ मध्ये चार महानगरांपासून सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. मधल्या काळात, १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीच्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं गेलं होतं. त्या आकड्यांच्या नंतरच्या विश्लेषणात गरिबी आणि कमी वजनाबरोबर डोळ्यांत काळं घालण्याचाही संबंध दिसला. पेट्रोल बदललं, प्रश्न संपला, असं मग सगळ्यांनी गृहीत धरलं. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जगाचा अंदाज मांडला: सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतात. २०२२ मध्ये नीती आयोग आणि नागपूरची नीरी ही संशोधन संस्था यांच्या अहवालानंही देशातल्या बहुतेक राज्यांची सरासरी चिंतेच्या रेषेवर असल्याचं म्हटलं.

यात एक गोष्ट फार कमी बोलली जाते. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात गेलेलं वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणी बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, आणि शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन त्याच्याबरोबर निघतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. नव्वदच्या दशकात त्या चौफुलीच्या आसपास वाढलेल्या मुली गेल्या दहा-पंधरा वर्षांत आया झाल्या. त्यांच्या बालपणीच्या पेट्रोलचा हिशेब त्यांच्या मुलांपर्यंत पोचला तो असा.

आजचं शिसं कुठून येतं? मोटारींच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या भंगारात फोडल्या जातात, शिसं वितळवलं जातं. ज्याच्या अंगणात हे चालतं त्याच्या घरातली धूळही शिशाची होते. बॅटऱ्यांसाठी २००१ मध्ये नियम झाले, २०२२ मध्ये नवे आले, पण फेरीवाला भंगारवाला त्या नियमांच्या पलीकडे आहे. घरगुती रंगांवर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. औद्योगिक रंग त्यातून सुटलेले आहेत, आणि छोट्या कारखान्यांच्या डब्यांत मर्यादेच्या कित्येक पट शिसं दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेला पुनःपुन्हा सापडलं आहे. लोखंडी गेट, बैलगाडीचं जू, अंगणवाडीतला झोपाळा, पोळ्याला बैलांची शिंगं, हे कुठल्या डब्यातून रंगतात ते रंगवणाराच जाणे.

मग शेंदूर. मूळचा शेंदूर म्हणजे लेड टेट्रॉक्साइड, शिशाचं लाल भस्म. मारुतीच्या पाराशी गेलं की आजी बोटानं मूर्तीचा थोडा शेंदूर काढते आणि नातवाच्या कपाळाला लावते, आणि तेच बोट मूल चोखतं. मी शेंदराविरुद्ध मोहीम काढा म्हणत नाही. मारुतीला तो शोभतो. मुलाला अंगारा लावला तरी देव रागावणार नाही. सुरम्याचंही तेच, तो पुष्कळदा शिशाच्या गंधकयुक्त दगडाचा असतो. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ त्या मानानं निरुपद्रवी.

हळदीची गोष्ट मात्र आशेची आहे. हळकुंडाला चकाकी आणि गर्द पिवळा रंग यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळण्याची खोड दक्षिण आशियात बऱ्याच ठिकाणी सापडली. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी गरोदर बायांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत काढत हळदीचा बाजार गाठला. सरकारी अधिकारी हातात धरायचं क्ष-किरण यंत्र घेऊन घाऊक बाजारात गेले, माल जप्त केला, दंड केले, वर्तमानपत्रांत छापून आणलं. तेव्हा ४७ टक्के नमुने भेसळीचे होते. २०२१ मध्ये शून्य. त्याच गटाच्या पुढच्या पाहणीत भारतातली पाटणा आणि गुवाहाटीसारखी शहरं भेसळीच्या यादीत आली. हळदीतलं शिसं काढायला नवं शास्त्र लागत नाही, बाजारात दोन वर्षं चिकाटीनं फिरावं लागतं.

आता पाळण्याखालचा पंप. कपाशीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि बोंडअळीसाठी जी औषधं वर्षानुवर्षं मारली गेली त्यातला मोठा गट ऑर्गनोफॉस्फेटांचा: मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस. बीटी कपाशी २००२ मध्ये आली तेव्हा अळीची फवारणी कमी झाली. पुढं रसशोषक किडी वाढल्या आणि २०१७ च्या सुमाराला गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही दाद दिली नाही, तशी फवारणी परत चढली. ही औषधं किडीच्या मज्जातंतूंमधलं एक विकर अडवून तिला मारतात. तेच विकर माणसात आहे. गर्भाच्या मेंदूत त्याच्याशी जोडलेला रासायनिक निरोप्या पेशींना कुठं जायचं, कुठं जोडायचं हेही सांगत असतो, म्हणून मोठ्या माणसाला काहीच जाणवत नाही अशा मात्रेतही तिथं घोटाळा होऊ शकतो.

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतून एकाच दिवशी तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन न्यूयॉर्कमधले, जिथं झुरळांसाठी घरात मारलेलं औषध गर्भवतींच्या अंगात गेलं होतं. तिसरा कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातला. ब्रेंडा एस्केनाझी यांच्या गटानं तिथं शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायांपासून सुरुवात करून मुलं सात वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. गरोदरपणी ज्यांच्या लघवीत या औषधांचे अवशेष सगळ्यात जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सगळ्यात कमी अवशेष असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी निघाला. तीन गट, तीन पद्धती, उत्तर एकाच दिशेचं. सॅलिनासमध्ये भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी पिकते, मजूर मेक्सिकोतून आलेले, घरं शेताच्या कडेला. हे वर्णन आपल्या सालदाराच्या खोलीला चालेल. फरक इतकाच की सॅलिनासमध्ये पंप पाळण्याखाली नसतो.

आपल्याकडे फवारणी पुरुषाची म्हणून बायका वाचल्या, असं म्हणणाऱ्यांनी एक आख्खा दिवस शेतात काढावा. ड्रमात पाणी भरून देणारी ती, बादलीत काठीनं कालवताना शेजारी उभी ती, संध्याकाळी औषधानं ओले झालेले कपडे मोरीत इतर कपड्यांबरोबर धुणारी ती. दिवाळीच्या आगेमागे वेचणीला जाणारीही तीच. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधलेली, त्यात तान्हं. घरात सरपण म्हणून येणाऱ्या पऱ्हाट्या त्याच शेतातल्या.

केळीचं थोडं वेगळं आहे. तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांत मृगबाग, कांदेबाग, पिलबाग अशी बारा महिने केळी उभी असते. तिचा जुना वैरी करपा. त्यावर जी बुरशीनाशकं मारतात त्यांतलं सगळ्यात स्वस्त आणि सर्रास म्हणजे मॅन्कोझेब. कीटकनाशकापेक्षा बुरशीनाशक सौम्य, अशी आपली समजूत. याच करप्याच्या थोरल्या भावासाठी कोस्टारिकामध्ये केळीच्या बागांवर विमानानं मॅन्कोझेब फवारतात. तिथल्या मातिना परगण्यात २०१० पासून साडेचारशे गरोदर बायांवर अभ्यास झाला. त्यांच्या लघवीत मॅन्कोझेबचा अवशेष इतर देशांतल्या सामान्य लोकांपेक्षा पाचपट सापडला, आणि बागेच्या जितकं जवळ घर तितका तो जास्त. मॅन्कोझेबात मँगनीज असतं. तेही केसांत आणि रक्तात सापडलं. मुलं वर्षाची झाली तेव्हा जास्त मात्रेशी काही कसोट्यांतले कमी गुण जुळत होते, पण मुलींत एका प्रकारे आणि मुलग्यांत दुसऱ्या प्रकारे. हा पुरावा शिशाइतका पक्का नाही. तरी युरोपीय संघानं डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची परवानगी पुढं चालू ठेवायला नकार दिला. आपल्याकडे विमान नाही हे खरं, पण ट्रॅक्टरवरच्या पंपानं डोक्याच्या वरच्या पानांवर तुषार उडवणाऱ्या माणसाच्या अंगावर त्यातलं किती परत येतं, हे बागेत उभं राहिलं की कळतं.

अशा अभ्यासांतला माझ्या मनात राहिलेला एक अगदी लहान आहे, शास्त्राच्या कसोटीला जेमतेम उतरणारा. एलिझाबेथ गिलेट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ मध्ये मेक्सिकोच्या याकी खोऱ्यातली चार-पाच वर्षांची पन्नासेक मुलं पाहिली. काही सपाटीवरच्या, भरपूर फवारणीच्या गावांतली, काही डोंगरपायथ्याची, एकाच जमातीची. सगळ्यांना सांगितलं, माणूस काढ. पायथ्याच्या मुलांनी डोकं, हात, पाय, डोळे असलेली माणसं काढली. सपाटीवरच्या पुष्कळांच्या कागदावर नुसत्या सुट्या रेघा होत्या. मुलं थोडी होती, तपासणाऱ्यांना कोण कुठलं ते माहीत होतं, अशी टीका झाली आणि ती योग्य होती. २००५ मध्ये कविता कुरुगंटी यांनी महाराष्ट्र धरून सहा राज्यांच्या कापूसपट्ट्यांत याच धर्तीच्या कसोट्या घेतलेला अभ्यास छापला. कापूसपट्ट्यातली मुलं कमी फवारणीच्या गावांतल्या मुलांपेक्षा बहुतेक कसोट्यांत मागे पडली. हे काम ग्रीनपीस या मोहीम चालवणाऱ्या संस्थेचं होतं, हे वाचताना लक्षात ठेवावं. तरी सपाटी आणि सातपुड्याचा पायथा यांच्यामधला फरक जिथं पंधरा-वीस किलोमीटरचा आहे, त्या खान्देशात हे चित्र डोक्यातून जात नाही.

हवेबद्दल थोडक्यात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांमध्ये महाराष्ट्रातून जळगावचं नाव आहे, धुळ्याचं नाही. जळगावकराला या यादीची गरज नव्हती. रस्त्याचे खड्डे, शहराच्या पोटातून जाणारा महामार्ग आणि समांतर रस्त्यांसाठी झालेली आंदोलनं त्याला पाठ आहेत. बार्सिलोनात २,७१५ शाळकरी मुलांवर झालेला आणि २०१५ मध्ये छापलेला अभ्यास सांगतो की जास्त प्रदूषित शाळांतल्या मुलांची कार्यकारी स्मृती वर्षभरात ७.४ टक्क्यांनी वाढली, कमी प्रदूषित शाळांत ११.५ टक्क्यांनी. हमरस्त्याला लागून शाळेला जागा देताना हा आकडा कुणाच्या कागदावर नसतो.

भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे: ५०० मेगावॉटचे दोन संच, शेजारी ६६० मेगावॉटचा नवा, आणि वेल्हाळ्याकडे राखेचा तलाव. चीनमधल्या टोंगलियांग गावात असंच, पण फार लहान आणि बिनगाळणीचं, कोळशाचं वीज केंद्र होतं. ते २००४ मध्ये बंद झालं. फ्रेडरिका पेरेरा यांनी बंद होण्याआधी जन्मलेली आणि नंतर जन्मलेली मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली. आधीच्या मुलांत नाळेच्या रक्तातल्या कोळशाच्या खुणा आणि मंदावलेली वाढ यांची जोडी दिसत होती, नंतरच्यांत ती जोडी सुटली. दीपनगरच्या चिमण्या टोंगलियांगपेक्षा कितीतरी उंच आणि गाळण्या चांगल्या, म्हणून तुलना सरळ लावता येणार नाही. पण डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं वीज केंद्रांसाठी धुराचे, आणि पहिल्यांदाच पाऱ्याचेही, कडक नियम केले आणि मग मुदती एकामागून एक पुढं ढकलल्या, एवढं नोंदवायला हवं.

चुलीच्या धुराबद्दल मी जरा जपून बोलेन. धूर वाईट, यात दुमत नाही. पण तमिळनाडूसह चार देशांत गरोदर बायांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर देऊन झालेल्या मोठ्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, घरातला धूर खूप कमी झाला तरी बाळांचं जन्मवजन म्हणावं तसं वाढलं नाही. गॅस द्यायलाच हवा. त्यानं सगळं सुटेल असं मात्र नाही.

इथं समोरच्या बाजूचं म्हणणं ऐकायला हवं आणि ते हलकं नाही. खान्देशातल्या मुलाच्या मेंदूला सर्वात मोठा धोका रसायनांचा आहे का? बहुधा नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी जवळपास चार हजार मुलांवर झालेल्या अभ्यासात दर आठ-दहा मुलांमागे एकात मेंदूच्या वाढीचा काही ना काही दोष सापडला. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या घरी बाळंतपण, जन्मल्यावर उशिरा रडणं, कमी वजन, मेंदूचा संसर्ग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत ६८.९ टक्के रक्तक्षयी निघाली. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल पाड्यावरच्या कुपोषित बाळापुढं मायक्रोग्रॅमच्या गप्पा मारायला जीभ अडखळते.

मात्र हे दोन धोके वेगळ्या खात्यांत मांडता येत नाहीत. रक्तात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. उपाशीपोटीही तेच. म्हणजे ज्या बाळाला आधीच कमी आहे त्यालाच विष जास्त लागतं, आणि लोहाची गोळी, दूध, नाचणी-तीळ या गोष्टी शिशावरच्याही उपाय ठरतात.

दुसरा आक्षेप असा की पाच-सात गुणांनी काय बिघडतं? एका मुलाचं खरंच फारसं बिघडत नाही. एक लाख मुलांचा हिशेब मात्र करून पाहा. सरासरी बुद्ध्यांक १०० असेल तर ७० च्या खाली, म्हणजे ज्यांना शाळेत वेगळी मदत लागेल अशी, साधारण २,३०० मुलं असतात आणि १३० च्या वर तितकीच. सरासरी नुसती ९५ झाली तर खालची ४,७०० च्या पुढं जातात आणि वरची हजाराच्या आत येतात. कुणाचंही मूल आजारी पडलेलं नसतं. वर्गात सर म्हणतात, ‘यंदाची बॅच जरा कच्ची आहे.’

सरकारी बाजू कुठवर आली आहे? एन्डोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०११ रोजी बंदी घातली, ती कासरगोडच्या काजूबागांशेजारच्या मुलांमुळे. मे २०२० मध्ये केंद्रानं २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, मॅन्कोझेब, अ‍ॅसिफेट, क्विनॉलफॉस सगळे होते. २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा सरसकट बंदी तिघांवर पडली, डायकोफॉल, डायनोकॅप आणि मेथोमिल. मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या ३६ टक्क्यांच्या द्रवाला टप्प्याटप्प्यानं निरोप मिळाला. क्लोरपायरिफॉस आणि मॅन्कोझेब काही पिकांपुरते आखडले गेले, बाकी चालू राहिले. २०२५ मध्ये स्टॉकहोम करारानं क्लोरपायरिफॉस जगातून हद्दपार करायच्या यादीत घातलं, सवलतींची लांब शेपटी लावून. पर्यायाशिवाय बंदी आणली तर शेतकरी दुकानात जाऊन दुसरं, कदाचित नवं आणि महागडं, औषध आणेल हे मलाही कळतं. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, वेळेवर पऱ्हाटी उपटणं, करप्याची पानं कापून बागेबाहेर नेणं यांवर कृषी विद्यापीठांची पुस्तकं भरली आहेत. त्यांना मजुरी लागते आणि मजूर मिळत नाहीत.

मुलांच्या बाजूनं पाहिलं तर अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, उंची होते, दंडाला फीत लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, जन्मजात व्यंगांपासून वाढीच्या विलंबापर्यंत तीसएक गोष्टी तपासतं. त्यात रक्तातलं शिसं नाही. औषधांचा प्रश्न नाही. माता व बाल संरक्षण कार्डावर बसायला कधी लागलं, बोलायला कधी लागलं याची चित्रं आहेत. त्याच कार्डावर एक ओळ वाढवायला फार खर्च येणार नाही: घरात फवारणी होते का, पंप आणि बाटल्या कुठं असतात, ते कपडे कोण धुतं, बॅटरीचं किंवा रंगाचं काम कुणी करतं का. आशाताईला घर माहीत असतं, ती विचारेल आणि भरेल.

मी मामींना विचारून पाहिलं. आता त्यांच्याकडे पाळणा पुन्हा बांधला आहे, नातवासाठी. चहा गाळता गाळता त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आते कोठे ठेवसू त्याले? आठेच ऱ्हास तो.”